पोस्टकार्डावरचे चार आकडे

नमस्कार श्रोतेहो. सांगलीत बसून बुद्धिबळावर बोलायचं म्हणजे हळद पेठेत हळदीचं पुडकं विकायला नेण्यासारखं आहे. बुद्धिबळासाठी झटलेले भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्या गावाला मी काय नवं सांगणार? म्हणून आज पोस्टाने खेळलेल्या एका डावाबद्दल बोलतो.

गावभागात आमच्या माडीवर माझ्या पोस्टाने चाललेल्या डावाचा एक पट कायम मांडलेला असे. केर काढताना आईचा पदर लागून एकदा उंट घरंगळला. तो कुठल्या घरात होता हे शोधायला जुनी कार्डं काढावी लागली. कार्डावर मजकूर फक्त चार आकड्यांचा, कुठल्या घरातून कुठल्या घरात एवढाच. प्रत्येक घराचे दोन आकडे: आधी उभ्या रांगेचा, मग आडव्या रांगेचा. ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. भाषा आड येत नाही. दहा चालींना तीस दिवस मिळत, टपालातले दिवस वेगळे.

१९६५ साली सुरू झालेल्या पाचव्या जागतिक पोस्टल स्पर्धेत मॉस्कोच्या एस्ट्रिन यांच्यासमोर अमेरिकेचे बर्लिनर काळी मोहरी घेऊन बसले. सुरुवात दोन घोड्यांच्या बचावाची, म्हणजे साक्षात निखारा. आणि एस्ट्रिन तर तिचे जाणकार! अकराव्या चालीला बर्लिनरनी घोडा मरू दिला. बाराव्या चालीला शह आला, तर आडवं मोहरं न घालता राजाच उचलला: ५८४८. किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची सोय, गेला. चौदाव्या चालीला समोर हत्ती मारायला मोकळा होता. तो सोडून त्यांनी आपला हत्ती गुपचूप एक घर सरकवला: १८२८. असलं कार्ड हातात पडल्यावर एस्ट्रिन यांना चहा गोड लागला नसणार.

लोक इथवरच सांगतात. मला मात्र पुढचा संथ भाग आवडतो. अठ्ठाविसाव्या चालीपर्यंत वजीर गेले, हत्ती-प्याद्यांचा शेवट उरला. मग तोच भटका राजा पट ओलांडून पांढऱ्याच्या घरात शिरला, आपल्या प्याद्याची वाट मोकळी करायला. बेचाळिसाव्या चालीला एस्ट्रिन यांनी डाव सोडला. बर्लिनर १६ डावांत १४ गुण मिळवून विश्वविजेते झाले.

हा डाव मी माडीवर रोज एक चाल असा खेळून पाहिला. बेचाळिसाव्या दिवशी आई जिन्यातून म्हणाली, "झालं का रे? उचल तो पट. तिथं पापड लाटायला बसायचंय."