‘किती दुखतंय?’ विचारून झाल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

दुखण्यासाठी आपल्या भाषेत शब्द किती आहेत बघा. कळ येते, ठणका लागतो, सणक जाते, रग लागते, ठुसठुसतं, चमक निघते. आणि आम्ही भावी डॉक्टर-नर्सच्या हाती काय देतो? शून्य ते दहा आकडे. पेशंट ‘आठ’ म्हणाला, लिहिलं आठ, झालं! आता आग, मुंग्या, विजेसारखी चमक ही बहुतेक नसेच्या दुखण्याची भाषा. तिथे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. आठ या आकड्यावरून हे कसं कळणार?

शिकवताना वेदना एका तासाला येते, व्यसन भलत्याच तासाला. पेशंट मात्र दोन्ही बरोबर घेऊन येऊ शकतो. म्हणून मी वर्गात एक प्रसंग करायला लावते. एक विद्यार्थी पेशंट होतो. कमरेचं ऑपरेशन झालेलं, दोन महिने मॉर्फिनच्या जातीची, सवय लागू शकणारी वेदनाशामक गोळी चालू होती, ती परवा संपली. गोळीचं नाव तो स्वतःच सांगतो आणि समोर डॉक्टरीणबाई झालेल्या मुलीच्या भुवया वर जातात. ‘गोळीसाठी नाटक करतोय.’ मग मी विचारते, जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा, पोटात मुरडा, हेही नाटक? रोजची गोळी एकदम तुटली की शरीर अशी तक्रार करतं. तेवढ्यावरून कुणी व्यसनी ठरत नाही. वाटोळं होताना दिसतंय, तरी हात आवरत नाही, ते व्यसन. आणि तेही आजारच, बरं का.

चूक उलट बाजूनेही झाली आहे. 1980 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात अशी औषधं दिलेल्या 11,882 रुग्णांत नव्याने व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची, असं त्यात होतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. तरी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते शेकडो लेखांत फिरलं. मी ते वर्गात वाचायला देते. ‘एवढंच?’ असं कुणीतरी म्हणतंच.

आणखी एक गोष्ट मी दोनदा सांगते. गोळी काही दिवस बंद राहिली की शरीराची ती पचवण्याची सवय मोडते. मग जुनाच डोस घेतला तर श्वास मंदावतो, थांबतोसुद्धा. नॅलोक्सोन, म्हणजे या गोळ्यांवरचा उतारा, दिलं की श्वास परत येतो, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि आधीच्या औषधाचा अंमल उरलेला असू शकतो. शुद्धीवर आला म्हणून पेशंटला एकटं सोडायचं नाही.

परवा तोच प्रसंग दुसऱ्यांदा केला. या वेळी त्या मुलीने खुर्ची जवळ ओढली. “दुखतंय म्हणजे नेमकं कसं?”

“कूस बदलली की चमक निघते, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत.”

अंगठा म्हटल्यावर मागच्या बाकांवरही कुजबुज सुरू झाली, कमरेतली कुठली नस म्हणून. आकडा तिने नंतर विचारला. तो सात म्हणाला.

नमस्कार.