पाणी ‘घसरडं’ नसतं: कोंडलेल्या पाण्याचं आणि घर्षणाचं गणित

नमस्कार. घर्षणावरचा मागचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: ओलं झालं की घसरतं, कारण पाणी मुळात घसरडं असतं, बरोबर ना? नाही, बरोबर नाही. हे वाक्य मला फार खटकतं. ऐकणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि प्रश्न होता तिथेच राहतो. म्हणून आज फक्त याच्यावर बोलते.

आधीचं भरभर उरकू. कितीही गुळगुळीत दिसला तरी पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचाच दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त शिखरं टेकतात. वजन तीच पेलतात, घर्षणही तिथेच तयार होतं. वजन वाढवलं की शिखरं दबतात, खरा स्पर्श वाढतो, घर्षण वाढतं. इथवर कुणाची तक्रार नसते.

आता त्या दऱ्यांत पाणी भरा आणि वरून दाबा. पाण्याला बाहेर पडायला वाट असेल आणि तुम्ही सावकाश दाबत असाल, तर ते निघून जाईल आणि शिखरं जवळपास पहिल्यासारखीच टेकतील. पण दाबता दाबता एखाद्या दरीची कड चहूबाजूंनी टेकली तर? ती दरी आता झाकण घट्ट बसलेली डबी झाली. आतलं पाणी कोंडलं. आणि कोंडलेलं पाणी सहजी दबत नाही. त्याचं आकारमान नुसतं 1 टक्का कमी करायचं म्हटलं तरी वातावरणाच्या 200 पटींहून जास्त दाब लागतो. म्हणजे ती डबी वजन पेलणारा खांबच झाली.

हेच हिशेबाने सांगते, कारण नेमकं इथे सगळे अडकतात. वरून 100 एकक भार आहे. कोंडलेल्या पाण्याने 40 उचलला. शिखरांच्या वाट्याला उरला 60. घर्षण या 60 वर ठरणार. पाण्याने उचललेल्या 40 मुळे घर्षणात जवळजवळ काहीच भर पडत नाही, कारण पाणी दाबाला उभं राहतं, पण हळूहळू आडवं सरकवलं तर अडवत नाही. पाण्याने काहीही ‘घसरडं’ केलेलं नाही. त्याने शिखरांवरचा भार काढून घेतला.

आता आणखी भार टाका. डबी बंद असेल, तर नव्या भारातला मोठा वाटा पाणी उचलतं. मग भाराच्या प्रमाणात घर्षण वाढत नाही आणि शाळेत पाठ केलेला तो ‘कायम तोच राहणारा’ घर्षण गुणांक (घर्षण भागिले भार) भारागणिक उतरत जातो. हे असंच चालू राहतं असंही नाही. आतला दाब कडेवरच्या स्पर्शाच्या दाबाला गाठतो तेव्हा कड उचलली जाते आणि पाणी निसटतं.

‘हे टायरचं पाण्यावर तरंगणं झालं’, असं काहीजण लिहितात. ते वेगळं. तरंगायला वेग लागतो. बो पर्सन हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये कमी वेगाचा विचार केला, जिथे टायर आणि रस्त्यामधलं पाणी पिळून निघायला पुरेसा वेळ असतो. तरीही ओल्या खडबडीत पृष्ठभागावर रबराचं घर्षण कोरड्यापेक्षा साधारण 20 ते 30 टक्के कमी भरतं. त्यांचं स्पष्टीकरण असं: रबर रस्त्याच्या खळग्यांवर झाकणासारखं बसतं, आत पाणी अडकतं, आणि रबराला खळग्यात शिरून मळलं जायला जागाच मिळत नाही. रबराचं बरंचसं घर्षण त्या मळण्यातूनच येतं.

आणखी एक कॉमेंट, आणि ही मला मनापासून आवडली: ‘मग दोन काचांमध्ये पाणी टाकलं की त्या चिकटतात कशा?’ तिथे पाणी कोंडलेलं नाही, कडांना हवेला उघडं आहे. त्या कडेवर पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणून काचा एकमेकींवर दाबल्या जातात. पाणी तेच, परिणाम उलटा. दाब कुठल्या बाजूला गेलाय ते बघायचं.

लहान असताना मी गरम पाण्याने धुतलेला ग्लास ओल्या ओट्यावर उपडा ठेवला आणि तो आपोआप सरकला. मला तेव्हा सांगितलं गेलं, ‘ओला आहे ना, म्हणून.’ पण शेजारीच थंड पाण्याने धुतलेला ग्लास होता, तितकाच ओला, आणि तो जागचा हलला नव्हता. उत्तर खूप वर्षांनी मिळालं. इथे हवा कोंडलेली असते आणि कडेखालचं पाणी तिला सील करतं. गरम काचेने आतली हवा तापते. ग्लास 200 ग्रॅमचा, तोंड 7 सेंटीमीटर रुंद धरलं, तर त्याचं सगळं वजन उचलायला वातावरणाच्या अर्धा टक्का जास्त दाब पुरतो. त्यासाठी हवा जेमतेम दीड अंशाने तापली की झालं! पटत नसेल तर कडेखाली काडी सरकवा. ओट्यावर पाणी तेवढंच राहील, पण हवेला वाट मिळेल आणि ग्लास थांबेल.

किंग हबर्ट आणि विल्यम रुबी या भूशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये नेमकं हेच बिअरच्या रिकाम्या डब्यावर दाखवलं. प्रचंड खडकांचे थर इतक्या कमी उतारावरून सरकतात कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि खडकांतल्या पाण्याचा दाब हे त्यांचं उत्तर. थंडगार डबा ओल्या काचेवर उपडा ठेवला, काच जेमतेम 1 अंश कलती. आतली हवा तापू लागली तसा डबा घसरत निघाला. काचेच्या टोकाला पोचून त्याची कड बाहेर आली, हवा सुटली, आणि डबा तिथल्या तिथे थांबला.