गडर लाईन आली, टाकीचं काय?

(दृश्य: नागपूरच्या हुडकेश्वरकडचा लेआऊट, म्हणजे प्लॉट पाडलेली वस्ती. काळ्या मातीत खोदलेला चर, काठावर पाईप.)

लेआऊटमध्ये गडर लाईन, म्हणजे मैला वाहून नेणारी भुयारी गटार, पडली की लोकांना वाटतं, प्रश्न मिटला. पण अंगणातली सेप्टिक टँक जोडणीतून वगळून ती नीट बुजवेपर्यंत काम अर्धवटच असतं. नियमाचा धाक नेमका इथेच हवा.

नागपुरात जिथे काळी माती जाड आहे, तिथे टाकीचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याचा भरवसा नाही. ही माती पाणी फार सावकाश शोषते आणि पावसाळ्यात फुगली की जवळजवळ थांबतेच. मग टाकीचा ओव्हरफ्लो रस्त्याकडेच्या पावसाळी नालीत सोडला जातो. तिथून तो नाग नदीत, पुढे कन्हान, वैनगंगा आणि गोसीखुर्दच्या धरणात जातो. तेच सांडपाणी भांडेवाडीच्या केंद्रात पोचलं, तर शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राच्या कामी येतं.

घरच्या विहिरींचाही विचार करा. भारतीय मानक 2470 नुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर दूर हवा. तीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटचा कर्णसुद्धा 18 मीटर भरत नाही. म्हणजे अशा प्लॉटवर विहीर आणि शोषखड्डा दोन्ही असतील, तर नियम मोडलेलाच आहे.

(दृश्य: सिमेंट रस्ता. त्याच्याखाली गेलेलं घराचं जोतं.)

जोडणीत सगळ्यात आधी पाहायची ती पातळी. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले आणि अनेक घरं रस्त्यापेक्षा खाली गेली. घराच्या शेवटच्या चेंबरचा तळ आणि रस्त्यावरच्या चेंबरमधल्या पाईपचा तळ, दोन्ही मिस्त्रीच्या लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, मोजायचे. 110 मिलिमीटरच्या पाईपला साठास एक, म्हणजे दहा फुटांना दोन इंच उतार लागतो. पंधरा मीटर अंतराला 25 सेंटिमीटर. एवढा उतार मिळत नसेल तर घरातला पाईप वर उचलावा लागतो, नाहीतर छोटा पंप बसवावा लागतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा येणारा मैला अडवतो, पण कमी पडलेला उतार तो भरून काढत नाही. आणि रस्ता ओलांडणारा पाईप सिमेंट पडायच्या आधीच टाकून ठेवायला हवा. हे महापालिकेच्या झोन कार्यालयाने आपल्याकडे घ्यावं. एकट्या घरमालकाच्या हातात ते नाही.

आता नेहमीची पळवाट. संडासाचा पाईप टाकीतच ठेवतात आणि टाकीचं पाणी बाहेर पडणारं तोंड तेवढं गडर लाईनला जोडतात. खर्च वाचतो, पण गाळ टाकीतच साचत राहतो, उपसा चालूच राहतो. टाकीत सडलेल्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, पुढे चेंबरचं काँक्रीट खातो. म्हणून संडासाचा पाईप टाकी वगळून सरळ चेंबरला जायला हवा. न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं पाणी गल्ली ट्रॅपमधून, म्हणजे वास अडवणाऱ्या पाणी-सापळ्यातून, त्याच चेंबरला.

गच्चीचं पाणी मात्र या लाईनला कधीच जोडू नये. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. माणशी 135 लिटर पुरवठा आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं, तर पाच जणांच्या घराचं दिवसाचं सांडपाणी भरतं जेमतेम 540 लिटर. अशी दहा घरं गच्ची जोडून बसली की सखल घरातल्या संडासातून मैला वर येतो.

(दृश्य: सक्शन गाडी. टाकीचं उघडं झाकण, दूर उभी माणसं.)

टाकी बंद करताना माणूस आत उतरवायचा नाही, उपसल्यावरही नाही. तळचा गाळ ढवळला की कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि जास्त प्रमाणात असेल तर त्याचा वास येणंच बंद होतं. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकी साफ करायला लावणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरमालकही यातून सुटत नाही. उपसा गाडीनेच करायचा. घट्ट बसलेला गाळ वरून पाण्याच्या झोताने सैल करून पुन्हा उपसायचा. मग स्लॅब फोडायचा आणि वरूनच ब्रेकरने तळाला भोकं पाडायची, नाहीतर टाकीत पाणी साठत राहतं. भरायला मुरूम घ्यावा. वीत-वीतभर थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस. खोदलेली काळी माती परत ढकलली तर उन्हाळ्यात ती आकसते आणि वरची फरशी बसते.

महापालिकेने जोडणीची परवानगी आणि टाकी बंदीचा दाखला एकाच अर्जात बांधावा, अशी आमची ठाम मागणी आहे. पुढची लाईन चालू नसेल तर परवानगी देऊच नये, कारण बंद टोकाला मैला तुंबतो. चर उघडा असताना कनिष्ठ अभियंत्याने उतार मोजावा, संडासात रंगीत पाणी सोडून ते रस्त्यावरच्या चेंबरमध्ये आलेलं पाहावं, आणि मगच माती लोटू द्यावी. अर्जाला सक्शन गाडीची पावती जोडावी, गाळ कुठे रिकामा केला ते तिच्यावर लिहिलेलं असावं. जोडणीच्या नोटिसा पावसाळा सरल्यावर काढाव्यात. ओल्या काळ्या मातीत चराच्या भिंती ढासळतात आणि टाकलेला उतार बिघडतो.