पडक्या घरातलं संगीत

श्रोतेहो, नमस्कार.

2024 सालच्या वसंतात न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालय आणि संग्रहालयात जुने कागद चाळताना तिथल्या एका क्युरेटरच्या हाती एक छोटं कार्ड आलं. आपल्या पोस्टकार्डाएवढं. त्यावर बारीक स्वरलेखन होतं आणि वर नाव होतं शोपाँचं, एकोणिसाव्या शतकातल्या त्या पोलिश पियानो-संगीतकाराचं. कागद तपासला, शाई तपासली, हस्ताक्षर ताडून पाहिलं, आणि जाणकारांचं मत पडलं की हा शोपाँनं विशीत लिहिलेला, कुणालाच ठाऊक नसलेला वॉल्ट्झ आहे, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या तालातली रचना. सगळे मिळून 24 बार, म्हणजे तालाची 24 आवर्तनं. दोनदा वाजवला तरी दीड मिनिटाच्या आत संपतो. ऑक्टोबरात बातमी आली, जगभरच्या वर्तमानपत्रांत ती झळकली, आणि वर्ष सरायच्या आत लांग लांग या पियानोवादकाचं ध्वनिमुद्रण आपल्या फोनवर वाजू लागलं.

मीही तो वॉल्ट्झ लागोपाठ चार-पाच वेळा ऐकला. सुरुवातीलाच एकदम वादळ उठतं आणि मग खास शोपाँची ती हळवी धून येते. छान वाटलं. पण ऐकताना मला सारखा दुसराच एक कागदांचा ढीग आठवत होता. तो 2009 साली सापडला. त्यात दीड मिनिटाचा वॉल्ट्झ नव्हता, व्हायोलिनचे दोन अख्खे कॉन्चेर्टो होते, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, आणि एक अख्खी सिम्फनी होती, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. आणि तरीही त्यातलं संगीत ध्वनिमुद्रित होऊन तुमच्या-माझ्या कानांपर्यंत यायला पुढची नऊ-दहा वर्षं लागली. आज मला त्या ढिगाबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या दक्षिणेला, सेंट ॲन नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं एक ओसाड घर एका जोडप्यानं दुरुस्तीला काढलं. घराची पार दशा झालेली. झाड कोसळून छपराला भगदाड पडलेलं, कुणी कुणी आत शिरून नासधूस केलेली. पण घराचा एक भाग कोरडा राहिला होता आणि तिथे कागदांचे ढीग होते. स्वरलेखनाची हस्तलिखितं, पत्रं, पुस्तकं. पुष्कळ कागदांवर एकच नाव होतं, फ्लॉरेन्स प्राइस. हे घर म्हणजे त्यांचं उन्हाळ्यात राहायचं ठिकाण होतं. त्या जोडप्याला हे नाव ओळखीचं नव्हतं. तरी त्यांनी कागद रद्दीत घातले नाहीत. इंटरनेटवर शोध घेतला आणि अर्कान्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी संपर्क साधला. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी त्या दोघांना मनापासून हात जोडावेसे वाटतात.

आता या प्राइसबाई कोण, ते सांगतो.

1887 साली, 9 एप्रिलला, अर्कान्सासच्या लिटल रॉक शहरात त्यांचा जन्म झाला. घर कृष्णवर्णीय आणि सुशिक्षित. वडील दंतवैद्य, आई संगीताच्या शिक्षिका. मुलगी हुशार निघाली आणि बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकायला गेली. तिथे नोंदीत तिचं गाव म्हणून मेक्सिकोतलं नाव दिलं गेलं. काळ्या मुलीपेक्षा मेक्सिकन मुलीला दिवस जरा बरे जातील, हा आईचा हिशेब. 1906 साली ऑर्गनवादनाची आणि पियानो शिकवण्याची अशा दोन पदविका घेऊन ही मुलगी बाहेर पडली. पुढे दक्षिणेत येऊन शिकवलं, वकिलाशी लग्न केलं, मुली झाल्या. आणि 1927 साली लिटल रॉकमध्ये जमावानं एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला, भर शहरात त्याच्या देहाची विटंबना केली. प्राइस कुटुंबानं गाव सोडलं आणि ते शिकागोला आलं.

शिकागोत संसार मोडला. 1931 साली घटस्फोट झाला. पदरात मुली. मग बाईंनी मिळेल ते काम केलं. मूकपटांना थिएटरात ऑर्गनची साथ केली, टोपणनावानं रेडिओच्या जाहिरातींची गाणी लिहिली. म्हणजे आज मी जिथून बोलतोय त्या माध्यमानं त्यांच्या घरची चूल पेटती ठेवायला थोडा हातभार लावलेला आहे.

याच काळात त्यांनी पहिली सिम्फनी लिहायला घेतली. ती कशी सुरू झाली, माहीत आहे? त्यांचं पाऊल मोडलं. घरात बसून राहावं लागलं. एका मैत्रिणीला त्यांनी पत्रात कळवलं की जानेवारीत निवांत लिहायला मोलाचे चार दिवस मिळाले, आणि पाय मोडायचं भाग्य आता पुन्हा कधी येणार! हे वाक्य मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं. शिकवण्या, स्वयंपाक, मुली, भाडं, या सगळ्यातून वेळ मिळायला एका संगीतकाराला हाड मोडावं लागतं. आपल्या घरातल्या, शेजारपाजारच्या किती बायकांना हे वाक्य न सांगता समजेल!

त्या सिम्फनीला 1932 साली वॅनमेकर स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. 500 डॉलर. आणि 15 जून 1933 रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रानं ती वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदानं एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याचा तो पहिला प्रसंग.

इथून दारं उघडायला हवी होती. ती किलकिली झाली, एवढंच. बोस्टन सिम्फनीचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांना त्यांनी अनेक पत्रं लिहिली. 1943 च्या पत्रात सुरुवातीलाच त्या सांगून टाकतात की माझ्यापुढे दोन अडथळे आहेत, एक मी बाई आहे, आणि दुसरं, माझ्या अंगात काही निग्रो रक्त आहे. त्यामुळे कृपा म्हणून काही नको, संगीताकडे बघून काय तो निर्णय द्या, असा त्या पत्राचा सूर आहे. कुसेवित्स्कींनी त्यांचं काहीही वाजवलं नाही. हा वाद्यवृंद ज्या सिम्फनी हॉलमध्ये वाजतो तो न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीपासून चालत काही मिनिटांवर आहे. त्याच रस्त्यांवरून ही बाई विद्यार्थिनी असताना वह्या घेऊन हिंडलेली.

तोंडातून गायची गाणी मात्र लवकर पोचली. 1939 साली मारियन अँडरसन या थोर गायिकेला वॉशिंग्टनमधलं एक सभागृह ती काळी आहे म्हणून नाकारलं गेलं, आणि तिनं लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायन केलं. समोर सुमारे 75,000 माणसं, आणि रेडिओवरून देशभरचे श्रोते. त्या कार्यक्रमात प्राइसबाईंनी बांधलेलं एक स्पिरिच्युअल, म्हणजे कृष्णवर्णीयांचं पारंपरिक भक्तिगीत, होतं. तारीख होती 9 एप्रिल. त्यांचा वाढदिवस.

3 जून 1953 ला त्या गेल्या. युरोपच्या दौऱ्याची तयारी चालली होती.

आता प्रश्न असा पडतो की लिहिलेलं संगीत हरवतं कसं? आपल्याकडे चीज गळ्यातून गळ्यात जाते. गुरू गेला, शिष्य नसला, तर चीज गेली. तिकडे सगळं कागदावर असतं, मग भीती कसली? पण सिम्फनीचा कागद म्हणजे काय ते जरा पाहू. संगीतकाराकडे असतो पूर्ण स्कोअर, सगळी वाद्यं एकाखाली एक मांडलेली. वाजवायचं तर त्यातून बासरीचा कागद वेगळा, ट्रम्पेटचा वेगळा, व्हायोलिनच्या दर जोडीपुढे एक, असे पार्ट्स काढावे लागतात. हस्तलिखितात खोडाखोड असते, एका पानावर स्वर कोमल तर दुसऱ्यावर विसरून शुद्ध राहिलेला, ते संपादकाला सोडवावं लागतं. मग छपाई, मग प्रकाशक ते पार्ट्स वाद्यवृंदांना भाड्यानं देतो. प्रकाशक नसेल तर वाद्यवृंदाच्या संचालकाला कितीही इच्छा असो, तो सत्तर-ऐंशी माणसांपुढे ठेवणार काय? फ्लॉरेन्स प्राइस यांची पियानोची सोपी गाणी, काही गीतं छापली गेली. सिम्फन्या त्यांच्या हयातीत छापल्याच नाहीत. जी. शिर्मर या प्रकाशन संस्थेनं त्यांच्या सगळ्या संगीताचे जगभरचे हक्क घेतले ते 2018 मध्ये.

आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. वर्तमानपत्रांत येतं की प्राइस यांचा ‘शोध लागला’. हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिकांनी त्यांची स्पिरिच्युअल्स कधी सोडलीच नव्हती. रे लिंडा ब्राउन या अभ्यासक बाईंनी आयुष्याची कित्येक वर्षं याच कामात घातली, पहिल्या आणि तिसऱ्या सिम्फनीची संपादित आवृत्ती 2008 मध्ये आली, म्हणजे सेंट ॲनच्या घराच्या आधी. द विमेन्स फिलहार्मॉनिकनं तिसरी सिम्फनी 2001 सालीच ध्वनिमुद्रित केली होती. ज्यांनी दिवा विझू दिला नाही त्यांची नावं ‘शोध’ या एका शब्दाखाली पुसली जातात.

आता ध्वनिमुद्रणं. सेंट ॲनमध्ये सापडलेले व्हायोलिन कॉन्चेर्टो अर-जीन कांग यांनी वाजवले, ते 2018 मध्ये आले. चौथी सिम्फनी अर्कान्सासच्याच फोर्ट स्मिथ सिम्फनीनं वाजवली, 2019 मध्ये. लहान गावचा वाद्यवृंद, पण पहिल्यांदा पुढे झाला तो. मग फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि त्यांचे संचालक यानिक नेझे-सेगाँ यांनी पहिली आणि तिसरी सिम्फनी डॉइच ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केली, 2021 मध्ये, आणि पुढच्या वर्षी त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. हे ध्वनिमुद्रण मला फार आवडतं, तरी एक तक्रार आहे. फिलाडेल्फियाच्या तारवाद्यांचा आवाज इतका मखमली की कुठे कुठे मूळ लिखाणातली मातीची खरखर झाकली जाते. फोर्ट स्मिथच्या वादनात सफाई कमी, पण नाचाचा पाय जमिनीवर आपटल्यासारखा वाटतो. दोन्ही ऐका.

आणि वेळ फारच थोडा असेल तर दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐका, रँडल गूझबी यांनी वाजवलेला, 2023 चा. 1952 साली लिहिलेली ही रचना एकाच भागाची आहे, साधारण पाव तासाची. पासष्टीच्या या बाईच्या लिखाणात घाई नाही, कडवटपणा नाही. व्हायोलिन गातं, थांबतं, जरा वेगळ्या वाटेला जातं, परत येतं. पुढल्या वर्षी त्या गेल्या आणि हे कागद त्या घरात पडून राहिले. पाऊस आत येत होता. तो पलीकडच्या खोलीत पडला.

जाता जाता अगदी उलट तऱ्हेचा एक माणूस सांगतो, कारण त्याचं नातं आपल्या मुंबईशी आहे. कैखुश्रू शापूरजी सोराबजी. वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, आई इंग्रज, जन्म 1892 चा, इंग्लंडमधला. हा माणूस पियानोसाठी चार-चार, आठ-आठ तासांच्या रचना लिही. 1936 साली लंडनमध्ये कुणीतरी त्याच्या एका रचनेचा भाग वाजवला, तो मनाजोगा झाला नाही, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्यानं आपलं संगीत जाहीरपणे वाजवायला लोकांना परावृत्त केलं. 1976 मध्ये तो निर्धार सैल झाला. 1949 मध्ये पुरी झालेली त्याची ‘दिएस इरे’ या लॅटिन स्तोत्रावरची 27 व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धुनेची वेगवेगळी रूपं, जोनाथन पॉवेल या पियानोवादकानं संपूर्ण वाजवून ध्वनिमुद्रित केली आणि 2020 मध्ये ती 7 सीडींवर आली. आठ तासांहून जास्त. मी ती एका बैठकीत ऐकलेली नाही, पंधरा दिवस रोज रात्री थोडी थोडी ऐकली, आणि ख्यालाच्या श्रोत्याला वाट पाहायची जी सवय असते ती इथे फार उपयोगी पडली.

आता मी बोलणं थांबवतो आणि प्राइसबाईंच्या पहिल्या सिम्फनीचा तिसरा भाग लावतो. त्याचं नाव आहे ‘जुबा डान्स’. मळ्यांवरच्या गुलामांना ढोल वाजवायची बंदी असे, तेव्हा ते स्वतःच्या अंगावर ताल धरत, टाळी, मांडी, छाती, पाय. तो नाच म्हणजे जुबा. मोठ्या वाद्यवृंदात जिथे खेळकर असा एक भाग ठेवायचा रिवाज आहे, तिथे प्राइसबाईंनी हा नाच आणून बसवला, आणि काढून घेतलेले ते आफ्रिकन ढोल परत दिले. व्हायोलिनं आडताल धरतील तेव्हा खालून ढोलाकडे कान द्या. जेमतेम चार मिनिटांचा आहे.

ऐकू या.