एका बिब्ब्यात तीन जिन्नस

मंडळी, 'ठरलेल्या लग्नात बिब्बा घातला' असं आपण अगदी सहज म्हणतो. पण बिब्ब्याचं झाड इथे कुणी कुणी पाहिलंय? चार हात दिसताहेत. बाकीच्यांची ओळख दुकानाच्या दारात टांगलेल्या लिंबू-मिरचीपुरती.

त्या माळेतली काळी, चपटी, बदामाच्या आकाराची बी म्हणजे फळाचा अर्धाच भाग. सातपुड्यात, मेळघाटात, विदर्भाच्या पानझडी रानात हिवाळ्यात हे झाड फळतं, तेव्हा काळ्या बीच्या डोक्यावर केशरी, मांसल बोंड असतं. काजूची आठवण येते ना? येणारच, दोघं एकाच कुळातले. आंबाही त्याच घरातला. हे बोंड कच्चं तुरट लागतं. वाळवलं किंवा भाजलं की गोड. वाळलेल्या बोंडांना 'बिब्ब्याची फुलं' म्हणतात. नावाला फुलं, खरं तर देठाचा फुगलेला भाग.

आता काळ्या भागाकडे. त्याच्या सालीत चिकट, दाहक तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, खाज सुटते, अंग सुजतं. याला आपण 'बिब्बा उतला' म्हणतो. गंमत अशी, की पहिल्या वेळी एखाद्याला काहीच होत नाही. शरीर त्या तेलाला ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी भडकतं. म्हणून 'मला नाही उतत' ही फुशारकी जरा जपून मारावी.

हेच तेल हवेत काळं पडतं आणि त्यावर चुना लावला की कापडावरून हटत नाही. धोब्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांवर खूण करायला वापरलं. इंग्रजीतलं त्याचं नावही 'खुणेची बी' अशाच अर्थाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठू लागले. डॉक्टर चक्रावले. शेवटी कारण सापडलं ते कपड्यावरच्या धोब्याच्या खुणेत!

आयुर्वेदात हा भल्लातक. चरकसंहितेत रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारं औषध, म्हणून तो बनवण्याच्या कृती आहेत, पण ते शुद्ध करून आणि वैद्याच्या नजरेखाली. माझी आजी सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायची आणि टपकणारा थेंब भेगाळलेल्या टाचेला लावायची. तिला लाभलं, मला पुढे पंधरा दिवस चप्पल घालता आली नाही. घरी करून बघू नका.

आणि तिसरा जिन्नस, गोडंबी. काळं कवच फोडलं की आत पांढरा, खोबऱ्यासारखा गर निघतो. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात, थंडीच्या खुराकात तो जातो. किराणा दुकानात तो स्वच्छ, निरुपद्रवी दिसतो. पण फोडणाऱ्या बायका दगडावर बी ठेवून हातोडीने एकेक फोडतात. तेल उडतं, म्हणून हाताला राख किंवा गोडं तेल चोळतात; तरी बोटं काळी पडतात, कातडी सोलते. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने हेच होतं, पण तिथे हातमोज्यांची निदान चर्चा तरी होते. गोडंबीचा भाव आपल्याला चढा वाटतो खरा. तो कुणाच्या बोटांवरून उतरतो, हे मात्र पुडीवर लिहिलेलं नसतं.

मागच्या रांगेतून विचारताहेत, झाड ओळखायचं कसं? टोकाकडे रुंद होणारी, हातभर लांब, खालून पांढुरकी पानं, फांद्यांच्या टोकाला झुपक्याने आलेली. बघा जरूर, फक्त साल खरवडून पाहू नका.