भिशीची चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो.

एम.बी.बी.एस. झाल्यावर काही मुलं आमच्याकडे औषधशास्त्रात, म्हणजे फार्माकॉलॉजीत, एम.डी. करायला येतात. तीन वर्षांचा अभ्यास. घरचे विचारतात, "म्हणजे तू पेशंट तपासणार नाहीस?" शेजारी विचारतात, "मेडिकल टाकणार का?" आणि आपण नक्की काय शिकतोय, हे त्या मुलांनाही पहिले काही महिने धड सांगता येत नाही. आज त्या सांगता न येण्याबद्दलच बोलायचंय.

माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध रक्तदाबाच्या दोन गोळ्यांच्या तुलनेवर होता. असा अभ्यास करायचा तर आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नीती पाहणाऱ्या समितीची, परवानगी लागते, आणि पेशंटला द्यायचं माहितीपत्रक त्याला कळेल अशा भाषेत असावं लागतं. तिनं लिहिलं, 'सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभाजन करण्यात येईल.' व्याकरण चोख! मी म्हटलं, कमिटीकडे पाठवण्याआधी हे बाहेर कुणाला तरी वाचून दाखव.

ओपीडीच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली. "काय कळलं, मावशी?" "छान वाचता हो तुम्ही."

मग तिनं कागद मिटला. म्हणाली, "दोन गोळ्या आहेत. दोन्ही चांगल्या. पण जास्त चांगली कुठली, ते आम्हालाही अजून ठाऊक नाही. कुणाला कुठली द्यायची ते मी ठरवणार नाही, कॉम्प्युटर ठरवणार." मावशी लगेच म्हणाल्या, "म्हंजे भिशीच्या चिठ्ठ्या!"

'चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे' हे शब्द माहितीपत्रकात गेले. पण माझ्या मते त्या दिवशी तिला खरं जड गेलं ते दुसरंच वाक्य: 'आम्हालाही ठाऊक नाही.' साडेपाच वर्षं डॉक्टरकी शिकताना हे वाक्य म्हणायला कुणी शिकवत नाही.

आमच्या वेळी प्रयोगशाळेत काजळी धरलेला ड्रम असायचा. गुळगुळीत कागदावर धुराची काजळी धरायची, बेडकाच्या हृदयाला जोडलेली सुई त्यावर टेकवायची. हृदय आकसलं की काळ्यावर पांढरी रेघ उठे. बोटं दोन दिवस काळी. आता तेच आलेख कॉम्प्युटरवर दिसतात, बेडूक वाचले, आणि ते बरंच झालं. पण रेघ पाहून 'हे असं का झालं' ते समोरच्याला सांगणं, ते काम तेव्हा होतं तेच आजही आहे.

सर्पगंधेची गोष्ट मी दरवर्षी सांगतो. आपल्याकडे शतकानुशतकं वापरात असलेली ही मुळी. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी छापून सांगितलं की तिनं रक्तदाब उतरतो. लेख भारतातल्या नियतकालिकात आला, बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी आपल्या पेशंटांचे रक्तदाबाचे आकडे मांडून 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहिला. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो धागा उचलला. १९५२ मध्ये स्विस कंपनी सीबाच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं. मुळी तीच, गुणही तोच. कलकत्त्याच्या लेखापासून वकिलांच्या लेखापर्यंत मध्ये गेली अठरा वर्षं. कुठे छापलं, हा नशिबाचा आणि त्या काळच्या साहेबी जगाचाही भाग होता, ते मी मुलांपासून लपवत नाही.

आणि गंमत पुढेच आहे. रेसरपीन काम कसं करतं, हे शोधताना कळलं की मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायनं ते रिकामी करून टाकतं. म्हणूनच रक्तदाब उतरतो, आणि म्हणूनच काहींना उदासीही येते, असं तेव्हा मानलं गेलं. औषधाचा माग काढता काढता शरीराचाच कारभार उलगडला. फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या कारभाराचं शास्त्र, आणि फार्माकॉलॉजी या आमच्या सख्ख्या जावा. एकीचं दुसरीवाचून चालत नाही.

हां, त्या मावशी. परवानगी मिळाल्यावर पुढे त्याही त्या अभ्यासात आल्या. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्या, डब्यांवर फक्त नंबर. दुसऱ्या भेटीला पट्टा दंडावर असतानाच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माझी चिठ्ठी कुठली निघाली?"

विद्यार्थिनी हसली. "मावशी, ते मलाही कळू देत नाहीत."