सिंगल शॉट रायफल खरंच जास्त अचूक असते का?

हा कागद बघा. सिंगल शॉट, म्हणजे मॅगझिन (काडतुसांचा साठा) नसलेली, एका वेळी एकच गोळी भरायची रायफल. १०० मीटरवरून तीन गोळ्या, तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. असा फोटो टाकला की खाली लोक लिहितात, "सिंगल शॉट आहे, नेम चुकेल कसा?" आता हा दुसरा कागद. रायफल तीच, काडतुसं तीच, गोळ्या मात्र दहा. भोकं कशी पांगलीत बघा. तीन गोळ्यांत नशीब बरंच सांभाळून घेतं, दहांत नाही.

मग सिंगल शॉटचा एवढा दबदबा कुठून आला? १८७४, न्यूयॉर्कजवळचं क्रीडमूर. अमेरिकन विरुद्ध आयरिश, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर. अमेरिकनांच्या रेमिंग्टन आणि शार्प्स मागून भरायच्या, आयरिशांच्या रिग्बी तोंडातून ठासायच्या. निकाल ९३४ विरुद्ध ९३१. त्यात एका आयरिश नेमबाजाची गोळी चुकून दुसऱ्याच टार्गेटवर गेलेली! पण गंमत अशी, की सिंगल शॉट तर दोन्हीकडे होत्या.

खरा फायदा कुठे आहे? मॅगझिन नसेल तर रिसिव्हरला, म्हणजे नळी ज्यात बसते त्या धातूच्या सांगाड्याला, खालून खाच पाडावी लागत नाही, तो ताठ राहतो. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेम मारणारे, सिंगल शॉट बोल्ट (मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यानं नळीचं मागचं तोंड बंद करणारी रायफल) वापरतात ते यासाठी.

शिकारीच्या फॉलिंग ब्लॉकचं गणित निराळं. तिथे नळीचं मागचं तोंड वर-खाली सरकणारा ठोकळा बंद करतो. १९६७ ची रुगर नंबर वन घ्या. बोल्ट मागेपुढे सरकायला जागा लागत नाही, म्हणून तेवढ्याच नळीची रायफल चारेक इंच आखूड होते. पण दस्ता दोन तुकड्यांचा! पुढचा तुकडा, म्हणजे फोरएंड, रिसिव्हरमधून पुढे आलेल्या दांडीला स्क्रूनं कसलेला. लाकूड ओल धरून फुगलं की नळीला रेटतं, आणि ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा घोळका, सरकतो. माझ्या मते या रायफलींच्या निम्म्या तक्रारी इथेच मुरलेल्या असतात, आणि लोक बिचाऱ्या नळीला शिव्या घालतात.

ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडा, आत काडतूस नाही ना, ते डोळ्यांनी बघा. मग नळी आणि फोरएंडच्या मधल्या फटीत कागदाची पट्टी सरकवा. दोन्ही बाजूंना सारखीच अडली तर ठीक. एकाच बाजूला अडली, तर तिथे लाकूड दाबतंय.

आणि शिकारीची रायफल तापलेल्या नळीवर तपासू नका. तिथे कामाची असते ती थंड नळीतली पहिली गोळी. रोज एकच गोळी मारा, दहा दिवस, एकाच कागदावर. मला तो कागद दाखवा, मग बोलू.